वळूचा हिशेब

गाय उलटली की दोष गायीच्या पदरी पडतो. माज ओळखला, डॉक्टरला फोन केला, इंजेक्शन झालं, तीन आठवडे वाट पाहिली आणि एकविसाव्या दिवशी पहाटे गाय पुन्हा हंबरायला, बळस टाकायला लागली, की घरातलं कुणीतरी म्हणतं, ''हिच्यातच काहीतरी आहे.'' दुसऱ्यांदा उलटली की खनिज मिश्रणाची पिशवी येते, गर्भाशयात सोडायची औषधं येतात, शेजारपाजारचे मोड आलेली मटकी चारायला सांगतात. तिसऱ्यांदा उलटली की तिला बाजाराची वाट दाखवली जाते. रेतन कुठल्या वळूचं होतं, तो वळू दोन महिन्यांपूर्वी कोणत्या हालात होता, आणि त्याचं रेत या गोठ्यापर्यंत कसं पोचलं, हे मात्र या सगळ्या धावपळीत कुणी विचारत नाही.

माळशिरस तालुक्यातल्या एका गोठ्यात चार संकरित गायी सांभाळणाऱ्या मावशी मला सांगत होत्या, ''काळी दोनदा भरवली, दोन्ही डाव उलटली. डॉक्टर म्हणत्यात, मावशी, गायीचीच पिशवी खराब हाय.'' रेताच्या कांडीवर नंबर काय होता, असं विचारल्यावर त्यांनी उकिरड्याकडे बोट दाखवलं. तिथं शेणामातीत एक कापलेली, बोटभर लांबीची प्लॅस्टिकची नळी पडली होती. पदराच्या टोकाला पुसली तर तिच्यावरची बारीक अक्षरं शाबूत होती: वळूचा नंबर, जात, रेत केंद्राचं नाव, तारीख. त्या गायीच्या पोटी कुणाचं वासरू येणार होतं त्याची पूर्ण ओळख त्या नळीवर छापलेली होती, आणि ती उकिरड्यात गेली होती.

आपल्याकडे कृत्रिम रेतनातून गर्भ राहण्याचं प्रमाण साधारण 35 टक्के धरलं जातं. म्हणजे तीन गायींमागे जेमतेम एक फळते. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात जवळपास 1 कोटी 40 लाख गोवंश आणि 56 लाख म्हशी मोजल्या गेल्या. एवढ्या जनावरांमध्ये उलटण्याचा प्रत्येक फेरा म्हणजे तीन आठवड्यांचा चारा, तीन आठवड्यांचं लांबलेलं वेत आणि एक जास्तीचं रेतन. यात गायीचा वाटा असतोच, तो नाकारायचं कारण नाही. पण नराचा वाटा कुणी मोजतच नाही, आणि म्हणूनच या लेखात तो मोजायचा आहे.

०००

वळूच्या शरीरात एक शुक्राणू घडायला सुमारे 61 दिवस लागतात. वृषणातल्या नळ्यांमध्ये मूळ पेशी विभागते, पुन्हा विभागते, गुणसूत्रं निम्मी होतात, गोल पेशीला डोकं आणि शेपूट येतं. त्यानंतर ती वृषणाला चिकटलेल्या लांबलचक गुंडाळीतून आठ-दहा दिवस प्रवास करते, आणि पोहण्याची ताकद तिला त्या प्रवासात मिळते. मेंढ्यात हाच काळ सुमारे 47 दिवसांचा, डुकरात आणि रेड्यात 39 दिवसांच्या आसपासचा. आज वळूचं जे रेत हाती येतं ते त्याच्या आजच्या तब्येतीचं नसून सरल्या दोन-सव्वादोन महिन्यांचं असतं. ही एक गोष्ट नीट समजली की पुढचं बरंच काही उलगडतं.

हे सगळं काम शरीराच्या तापमानात होत नाही. गायीबैलांच्या अंगाचं तापमान 38.5 ते 39 अंश, आणि वृषणाला हवे असतात त्याहून चार-पाच अंश कमी. म्हणून निसर्गानं वृषण पोटाबाहेर टांगलं. एवढ्यावर भागत नाही. वृषणाकडे जाणारी रोहिणी वरच्या बाजूला वेटोळी घेत उतरते आणि तिच्या भोवती परतणाऱ्या शिरांचं दाट जाळं असतं. वर जाणारं थंड रक्त खाली येणाऱ्या गरम रक्तातली उष्णता काढून घेतं. थंडीत पिशवी आकसते, उन्हात सैल होऊन लोंबते, तिच्या कातडीला घाम येतो. एखादा वळू उन्हाळ्याच्या दुपारी पाहा, पिशवी किती खाली आलेली असते ते दिसेल.

आपल्या देशी वळूंना इथं जन्मजात फायदा आहे. वशिंडाच्या गोवंशात ही रोहिणी वृषणाच्या आकाराच्या मानानं जास्त लांब असते, तिची भिंत पातळ असते आणि रोहिणी-शिरा एकमेकींच्या अधिक जवळ असतात, असं मोजमापातून दिसलं आहे. म्हणजे रक्त जास्त थंड होऊन पोचतं. खिलार वळू माणदेशच्या उन्हात टिकतो त्यामागे नुसता काटकपणा नाही, अशी शरीररचना आहे. होल्स्टीनचं रक्त जितकं जास्त तितका उन्हाळा वळूला जड.

आता मे महिन्याचा हिशेब करू. सोलापूर, परभणी, जळगावच्या पट्ट्यात पारा 42-43 वर जातो. पत्र्याखाली बांधलेल्या वळूची वृषणं थंड राहत नाहीत. उष्णतेनं विभागणीच्या ऐन टप्प्यातल्या पेशी मोडतात. पण वळू दिसायला धडधाकट असतो, उडी मारतो, रेत देतो. आठवडा-दीड आठवडा सूक्ष्मदर्शकाखालीही फारसं काही दिसत नाही, कारण जे बाहेर येतं ते आधीच तयार झालेलं असतं. साधारण दोन आठवड्यांनी वाकड्या डोक्याचे, तुटक्या शेपटीचे शुक्राणू दिसायला लागतात आणि उन्हाची शेवटची झळ बसल्यापासून दोन महिने ते दिसत राहू शकतात. पाऊस पडून गेलेला असतो, हवा गार झालेली असते, रानात हिरवा चारा उभा असतो, आणि गावच्या वळूखाली दाखवलेली गाय जुलैत उलटते. मे महिन्यातला पत्रा तोवर सगळे विसरलेले असतात.

तापाचंही असंच. लाळ्या-खुरकूत, तीन दिवसांचा ताप, 2022 साली महाराष्ट्रभर पसरलेला लम्पी, या सगळ्यांत अंग तापतं आणि वृषणही तापतं. लम्पीत आणखी एक धोका असतो: बऱ्या झालेल्या वळूच्या रेतातही विषाणूचा अंश बराच काळ सापडतो. लसीकरणानंतरसुद्धा काही आठवडे रेताची प्रत तात्पुरती घसरते. म्हणून लस टाळायची नसते, तेवढे दिवस रेत घ्यायचं नसतं. चांगली केंद्रं हे पाळतात. गावात देवाला सोडलेल्या वळूचं असं वेळापत्रक कुणी ठेवायचं?

म्हशीच्या बाबतीत ऊन दोन्हीकडून मारतं. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी, डुंबायला पाणी नाही, अशा म्हशीचा माज उन्हाळ्यात मुका होतो. ती ना ओरडते, ना दुसरीवर उडते. तिकडे रेड्याचं रेतही याच काळात उतरतं, आणि रेड्याच्या शुक्राणूचं आवरण मुळात गोठवणं कमी सोसतं. हिवाळ्यात घेतलेलं रेत जास्त चांगलं गोठतं. पंढरपुरी म्हशीची नियमित वेण्याबद्दल ख्याती आहे, आणि तरीही पाण्याविना उभ्या असलेल्या पंढरपुरी म्हशीला मे महिना चुकत नाही.

०००

कृषी प्रदर्शनात सर्वात मोठी गर्दी वळू-रेड्यांच्या मांडवात असते. टनभर वजनाचा रेडा, तेल लावून चकाकणारा, रोज किती दूध आणि बदाम खातो त्याचा फलक गळ्यात. लोक फोटो काढतात, मालक पाठीवर हात फिरवतो. मला तिथं नेहमी एकच गोष्ट विचाराविशी वाटते: याच्या वृषणाचा घेर किती? चरबी चढलेल्या नराच्या पिशवीच्या गळ्याशीही चरबी साठते आणि ती रक्त थंड करणारं ते जाळंच झाकून टाकते. नुसत्या वजनावरून नराची पारख करणं चूक आहे. पारख टेपनं होते. वृषणाची पिशवी हातात धरून सर्वात रुंद जागी टेप लावायचा. अमेरिकेतल्या पशुप्रजनन तज्ज्ञांच्या संघटनेनं तिकडच्या जातींसाठी दोन वर्षांवरच्या वळूत किमान 34 सेंटिमीटर घेर ठरवला आहे. आपल्या जातींचं माप वेगळं असणार, पण तत्त्व तेच. मोठं, टणक, दोन्ही बाजूंनी सारखं वृषण म्हणजे जास्त शुक्राणू. शिवाय अशा वळूच्या लेकी लवकर माजावर येतात. पाच मिनिटांची ही तपासणी किती वळूमालकांनी करून घेतली असेल?

खाण्याबद्दल विदर्भ, खानदेश, मराठवाड्यासाठी एक गोष्ट ठळक सांगायला हवी. कापसाचा मुलूख असल्यानं तिथं सरकी आणि सरकी पेंड हा दुभत्याचा हुकमी खुराक. दुधाला फॅट लागते, गाय खूश, मालक खूश. पण सरकीत गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. कपाशीचं झाड ते किडीपासून स्वतःच्या बचावासाठी बनवतं. चीनमध्ये 1950 च्या दशकात काही खेड्यांत कच्च्या सरकी तेलावर स्वयंपाक होऊ लागला आणि त्या घरांत मुलं होणं थांबलं. शोध घेतल्यावर बोट गॉसिपॉलवर आलं. पुढं 1970 च्या दशकात तिथं पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या. रक्तातलं पोटॅशियम घटू लागलं, काहींची प्रजननक्षमता परतलीच नाही, म्हणून तो मार्ग सोडावा लागला.

गायीबैलांचं पहिलं पोट गॉसिपॉलचा बराचसा भाग बांधून निकामी करतं, त्यामुळे दुभत्या गायीला माफक सरकी चालते. वळूच्या बाबतीत हे संरक्षण अपुरं पडतं. जास्त सरकी खाणाऱ्या वळूंच्या शुक्राणूंमध्ये डोकं आणि शेपूट यांच्यामधला भाग बिघडलेला दिसतो. शेपटीला बळ पुरवणाऱ्या तंतुकणिका याच भागात असतात. शुक्राणू आहे, आकडाही भरपूर आहे, पण पोहायला जोर नाही. ई जीवनसत्त्व पुरेसं असेल तर हानी कमी होते. कच्च्या सरकीत मोकळं गॉसिपॉल जास्त, उष्णता देऊन काढलेल्या पेंडीत कमी. पैदाशीचा वळू, वाढता गोऱ्हा आणि बोकड यांना सरकी घालूच नये, एवढं सोपं पथ्य आहे. दुभत्या गायीच्या शेजारी वळू बांधलेला असतो आणि पाटी एकच असते, म्हणून ते मोडतं.

दुष्काळात दुसरी गोष्ट घडते. 2012-13 आणि 2018-19 च्या छावण्यांमध्ये महिनोन्‌महिने ऊस आणि उसाचं वाढं हाच चारा होता. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. हिरव्या पाल्याअभावी अ जीवनसत्त्व संपतं, आणि अ जीवनसत्त्वाविना वृषणातला पेशी घडवणारा थर झिजतो. जस्ताचंही तेच. महाराष्ट्रातल्या पुष्कळ जमिनींत जस्त कमी आहे, म्हणून चाऱ्यात कमी, म्हणून जनावरात कमी. छावणीतून घरी आलेली गाय फळत नाही म्हणून आपण तिला सावरायला बघतो. त्याच छावणीत उभा असलेला वळू मात्र गावात येताच कामाला लागतो. बुरशी लागलेल्या मक्याबद्दलही सावध राहायला हवं, कारण काही बुरशींचं विष शरीरात स्त्री-संप्रेरकासारखं वागतं.

०००

रेत केंद्रावर सकाळी लवकर काम चालू होतं. वळू धुतलेला असतो. समोर दुसरा वळू खोड्यात उभा. वळूला दोन-तीनदा नुसतं चढू देऊन उतरवतात. हा खेळ नसतो, यानं रेतातले शुक्राणू वाढतात. मग रबरी नळी असलेली कृत्रिम योनी पुढं होते. तिच्या आवरणात 42 ते 45 अंशांचं पाणी भरलेलं असतं. दोन अंश कमी झाले तरी वळू नाराज होतो. क्षणभराचं काम, आणि काचेच्या नळीत पाच-सहा मिलिलिटर घट्ट, सायीच्या रंगाचं रेत जमा होतं. एका मिलिलिटरमध्ये सहज शंभर कोटी शुक्राणू. गरम काचेवर एक थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकात डोळा घातला की काळपट लाटा एकमेकींवर आदळताना दिसतात. एकेक शुक्राणू वेगळा दिसत नाही, सगळा थेंबच जिवंत वाटतो. लाटा मंद असल्या तर त्या दिवशीचं रेत तिथंच फेकतात.

केंद्रांसाठीचे नियम स्पष्ट आहेत. ताज्या रेतात निदान 70 टक्के शुक्राणू सरळ पुढं पोहणारे हवेत. एका कांडीत 0.25 मिलिलिटर आणि 2 कोटी शुक्राणू. गोठवून पुन्हा वितळवल्यावर निदान निम्मे जिवंत पोहायला हवेत. वळूची क्षय, जोन्स, ब्रुसेला, आयबीआर, ट्रायकोमोनास, कॅम्पिलोबॅक्टर या रोगांसाठी ठराविक काळानं तपासणी. शेवटचे दोन तर वळूच्या शिश्नाच्या आवरणात मुकाट बसून राहतात. त्याला काही होत नाही, पण तो ज्या ज्या गायीवर चढतो तिचा गर्भ सुरुवातीलाच मरतो. युरोपात कृत्रिम रेतन पसरलं त्याचं एक मोठं कारण या रोगांपासून सुटका हे होतं. आज गावच्या वळूखाली गाय नेणाऱ्याला हा धोका दिसत नाही, कारण तो दिसण्यासारखा नसतोच.

रेत गोठवता येतं हे समजलं तेसुद्धा एका चिठ्ठीच्या चुकीमुळे. लंडनजवळच्या मिल हिलच्या संस्थेत ख्रिस पोल्ज आणि त्यांचे सहकारी साखरेच्या द्रावणात कोंबड्याचे शुक्राणू गोठवून पाहत होते. जमत नव्हतं. एका बाटलीनं मात्र कमाल केली. तपासलं तर चिठ्ठी साखरेची आणि आत ग्लिसरॉल. 1949 साली हे प्रसिद्ध झालं आणि काही वर्षांतच गोठवलेल्या रेतापासून वासरं जन्मली. भारतात ताज्या रेतानं पहिलं कृत्रिम रेतन 1939 साली म्हैसूरच्या पॅलेस डेअरीत झालं होतं. महाराष्ट्रात ही विद्या शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली ती उरुळी कांचनच्या मणिभाई देसाईंनी. 1946 साली गांधीजींबरोबर निसर्गोपचार आश्रमासाठी उरुळीला आलेले हे गुजराती तरुण तिथंच राहिले आणि 1967 साली त्यांनी 'बाएफ' ही संस्था उभी केली. गाय दवाखान्यात न्यायची नाही, रेत गायीपर्यंत न्यायचं, ही त्यांच्या संस्थेची रीत आज सगळीकडे रूढ आहे.

कांडी केंद्रातून बाहेर पडते तेव्हा ती उत्तम असते, असं मी मानतो. सरकारी असो, सहकारी असो की खासगी, मान्यताप्राप्त केंद्रांवरची शिस्त मी पाहिली आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. घसरण पुढं होते.

रेतन करणाऱ्याच्या मोटारसायकलला बांधलेलं तीन लिटरचं बीए-3 कंटेनर म्हणजे त्याचं सगळं दुकान. आत उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन. तो उडत राहतो, झाकण नीट नसेल, आतली निर्वात पोकळी गेली असेल तर फार लवकर उडतो. किती उरलाय ते कळायला पट्टी बुडवून बाहेर काढून हवेत हलवायची, जिथवर पांढरं हिव धरतं तिथवर नायट्रोजन. मी ज्यांना ज्यांना ही पट्टी दाखवा म्हटलं त्यांतल्या काहींकडे ती होती, काही जण म्हणाले, ''हलवून आवाजावरनं कळतंय की.'' कांड्या ठेवलेला डबा कंटेनरच्या गळ्याच्या वर उचलून, डोळ्यांसमोर धरून नंबर शोधत राहिलं तर बाकीच्या सगळ्या कांड्या तापतात. उणे 130 अंशांच्या वर गेल्या की आतले बर्फाचे कण पुन्हा वाढायला लागतात आणि शुक्राणूंची आवरणं फाटतात. डबा परत बुडवला की कांडी बाहेरून पूर्वीसारखीच दिसते. हव्या त्या वळूची कांडी शोधताना इतर वीस कांड्या मरतात, आणि त्या वीस गायींच्या माथी दोष येतो.

कांडी वितळवायची तीही 37 अंशांच्या पाण्यात, 30 सेकंद. यासाठी छोटा थर्मामीटर आणि थर्मास पुरतो. प्रत्यक्षात कांडी तळव्यांत चोळली जाते, काखेत धरली जाते, खिशात ठेवून गोठ्यापर्यंत नेली जाते, नळाखाली धरली जाते. सावकाश वितळणं शुक्राणूला मारक असतं. थंडीच्या पहाटे गार पडलेल्या रेतनाच्या गनमध्ये कोमट रेत भरलं तर आणखी एक धक्का. नंतर गन गर्भाशयाच्या मुखाच्या कड्यांतून पार करून अगदी पलीकडे, गर्भाशयाच्या सुरुवातीलाच रेत सोडायचं. आत ढकललं तरी चूक, अलीकडे सोडलं तरी चूक.

रेतन करणाऱ्या या माणसांना खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. पगार नाही, फेरीमागे पैसे, पंधरा-वीस गावं, नायट्रोजनची गाडी उशिरा आली की काम बंद. शेतकरी माज दिसला की लगेच फोन करतो, म्हणजे बहुतेक वेळा फार लवकर. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायचं आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा नियम 1940 च्या दशकात अमेरिकेत बसवला गेला, तो अजूनही खरा आहे. माज संपल्यावर दहा-चौदा तासांनी बीज सुटतं आणि शुक्राणूला आत गेल्यावर तयार व्हायला काही तास लागतात. गोठवलेला शुक्राणू ताज्याइतका वेळ टिकत नाही. फार लवकर भरवलं तर तो वाट बघत मरतो. त्यामुळे वेळेचा दोष मालकाकडेही येतो, आणि तो मान्य केला पाहिजे.

०००

काही दोष मात्र सूक्ष्मदर्शकाच्याही पलीकडचे असतात. शुक्राणू छान पोहतो, बीजापर्यंत पोचतो, आत शिरतो, आणि गर्भ काही दिवसांत मरतो. गाय उलटते किंवा उशिरा उलटते. स्वीडनमध्ये 1964 साली गुस्ताव्हसन यांनी गायींच्या दोन गुणसूत्रांचा एकमेकांशी जोड आढळल्याचं सांगितलं. ज्या वळूत तो असतो त्याचे काही शुक्राणू गुणसूत्रांच्या हिशेबात चुकतात. त्याहून मोठी गोष्ट अमेरिकेतल्या 'चीफ' या होल्स्टीन वळूची. 1962 साली जन्मलेल्या या वळूच्या 16,000 लेकी झाल्या, दुधाला अप्रतिम. त्याचं रक्त जगभरच्या होल्स्टीनमध्ये गेलं. 2016 साली कळलं की त्याच्यात एका जनुकाची बिघडलेली प्रत होती. आई आणि बाप दोघांकडून ती आली की गर्भ टिकत नाही. त्या एका वळूमुळे पाच लाखांवर गर्भ गेले असावेत, असा अंदाज निघाला. आपल्या संकरित गायींची होल्स्टीन बाजू याच वंशातली. म्हणून आयात रेताच्या वळूची अशी तपासणी झाली आहे का, हे विचारण्याचा हक्क इथल्या शेतकऱ्याला आहे.

शेळ्यांची स्थिती याहून वाईट, कारण तिथं निवडच उलटी होते. उस्मानाबादी कळपातला सगळ्यात जोमानं वाढलेला बोकड बकरी ईदला किंवा खाटकाला जातो, भाव त्यालाच येतो. मागं राहिलेला किरकोळ बोकड कळपाचा बाप होतो, बऱ्याचदा स्वतःच्या बहिणींच्या आणि आईच्या करडांचासुद्धा. पंचवीस-तीस शेळ्यांमागे एक बोकड, आणि दर दोन वर्षांनी तो गावाबाहेरच्या बोकडाशी बदलायचा, एवढं केलं तरी पुष्कळ सुधारेल. मोहापायी विकलेल्या एका बोकडाचे पैसे पुढच्या तीन वेतांत करडांच्या वजनातून निघून जातात.

माणसांतल्या शुक्राणूंची संख्या घटते आहे का, यावर 1992 सालच्या डॅनिश अभ्यासापासून वाद चालू आहे. जनावरांतही तेच घडतंय का, हे पाहायला शेतीतल्या जनावरांचे जुने आकडे 1930 च्या दशकापासून उपलब्ध होते. 1997 साली सेचेल या संशोधकांनी ते तपासले तेव्हा वळू, मेंढा आणि डुकरात घट दिसली नाही. याचा अर्थ जनावरांना हवा-पाण्यातल्या विषांनी काहीच होत नाही असा काढू नये. वळू निवडूनच ठेवले जातात आणि कमी पडणारे कत्तलीला जातात, त्यामुळे आकडा टिकतो. गावातला निवड न झालेला वळू त्या आकड्यांत कधीच नव्हता.

नवं तंत्र येत आहेच. 5 ऑक्टोबर 2024 ला वाशीममध्ये देशी बनावटीच्या लिंगनिर्धारित रेताच्या तंत्राची घोषणा झाली, आणि मात्रेमागे साधारण 200 रुपये वाचतील असं सांगितलं गेलं. एक्स गुणसूत्राच्या शुक्राणूत डीएनए सुमारे चार टक्के जास्त असतो, त्यावरून यंत्र शुक्राणू वेगळे करतं आणि दहातली नऊ वासरं कालवडी होतात. गोऱ्हा झाला की काय करायचं हा प्रश्न ज्यांना छळतो त्यांना हे वरदान वाटणं स्वाभाविक आहे. पण या कांडीत शुक्राणू फार कमी असतात आणि निवडीच्या वेळी त्यांना ताण पडलेला असतो. म्हणजे कंटेनरमधली, वितळवण्यातली आणि वेळेतली चूक त्या कांडीला अजिबात सोसत नाही. साधी कांडी सांभाळता येत नाही तिथं ही महाग कांडी देणं म्हणजे शेतकऱ्याचा पैसा वाया घालवणं.

अमेरिकेत 2008 पासून दर वळूच्या रेतानं गर्भ राहण्याचं प्रमाण जाहीर केलं जातं. शेतकरी ते बघून कांडी विकत घेतो. आपल्याकडे हे करायला लागणारा कच्चा माल तयार आहे. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे, रेतनाची नोंद ॲपवर होते, नोंदीत वळूचा नंबर असतो, पुढं गर्भ तपासणीचीही नोंद होते. ज्या गोठ्यांत मी गेलो तिथं मात्र कोणत्या नंबराच्या वळूला किती गायी फळतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वळूनिहाय आणि रेतन करणाऱ्यानिहाय हे प्रमाण दर तिमाहीला तालुक्यात जाहीर करावं, दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लावावं. सरकार, दूध संघ आणि पशुधन विकास मंडळाकडे ही मागणी नेटानं करायला हवी. ज्याच्या हातून गायी फळतात त्याला जास्त पैसे मिळावेत, आणि ज्याच्या कंटेनरमध्ये सतत काही बिघडतं त्याला नवं कंटेनर आणि पुन्हा प्रशिक्षण मिळावं.

तोवर गोठ्यातल्या माणसानं वाट बघत बसू नये. पुढच्या वेळी गाय माजावर आली की रेतन करणाऱ्याला पट्टी बुडवून नायट्रोजन दाखवायला सांगा, थर्मामीटर लावलेलं पाणी मागा. रेतनानंतर कांडी उकिरड्यात टाकू नका. ती पुसून, त्या गायीचं नाव आणि तारीख चिठ्ठीवर लिहून एका डबीत ठेवा. गाय उलटली तर आधी डबी उघडा, आणि दोन्ही वेळा एकाच नंबराच्या वळूची किंवा एकाच हाताची कांडी निघाली तर गाय विकण्याआधी वळू आणि हात बदलून पाहा.